विमानप्रवासाचे तास छापण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांचा मोसम जवळ आला की प्रवास-पुरवण्यांत आणि सहलींच्या जाहिरातींत एक चौकट हमखास दिसते. मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर, आठ तास. मुंबई–न्यूयॉर्क १२,५०० किलोमीटर, चौदा तास. यातले किलोमीटर बरोबर असतात. तास मात्र चुकलेले असतात, कारण ते अंतराला ताशी ९०० ने भागून काढलेले असतात. पुण्याच्या वाचकाला ही चूक जास्त महागात पडते. त्याचा लांबचा प्रवास सहसा लोहगावहून, म्हणजे पुण्याच्या विमानतळावरून, थेट होत नाही. मुंबई, दिल्ली किंवा दुबई गाठावी लागते. मग पुढचे जोडविमान, घाटातून जाणारी गाडी, तिकडे घ्यायला येणारी मुलगी-जावई, सगळे त्या एका आकड्यावर बेतले जाते. म्हणून हा आकडा कसा तयार होतो आणि कुठे फसतो, ते जरा तपशिलाने लिहितो.

आधी अंतराचे पाहू. दोन विमानतळांमधले अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरून जाणारी सर्वांत जवळची वाट. भूगोलात तिला बृहद्वृत्ताची वाट म्हणतात. शाळेच्या भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून ती सापडत नाही. मर्केटर पद्धतीच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते आणि साधारण १४,२०० किलोमीटर भरते. तेच पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. दोरा बलुचिस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तानवरून थेट सेंट पीटर्सबर्गच्या आसपास चढतो, नॉर्वे, आइसलँड आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकावरून कॅनडात उतरतो. उत्तरेला तो जवळजवळ ६५ अंश अक्षांशापर्यंत जातो आणि तरी १२,५३० किलोमीटरच भरतो. अमेरिकेला निघालेले विमान 'उगाच उत्तरेला कशाला जाते' हा नेहमीचा प्रश्न या दोऱ्याने सुटतो.

हे अंतर घरी काढता येते. साइन-कोसाइनची बटणे असलेला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडनचा हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३२७ गुणिले ०.७८२, म्हणजे ०.२५६. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार करा. लंडन शून्य रेखांशाच्या पलीकडे असल्याने इथे रेखांशांची बेरीज होते, ७३.३२. गुणाकार होतो ०.९४५ गुणिले ०.६२३ गुणिले ०.२८७, म्हणजे ०.१६९. दोन्हींची बेरीज ०.४२५. ज्या कोनाचा कोसाइन इतका आहे तो कोन ६४.८६ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की उत्तर येते सुमारे ७,२१० किलोमीटर.

चुका ठरलेल्या जागी होतात. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) राहिलेला असतो आणि उत्तर अगदीच भलते येते. १९ अंश ५ कला हे १९.०५ असे भरले जाते. पाचाला साठाने भागून ते १९.०८३ करायला हवे. पश्चिम रेखांश उणे धरायचा राहतो. लंडनच्या बाबतीत फारसे बिघडत नाही, पण न्यूयॉर्कला तसे केले तर कॅल्क्युलेटर दोन्ही शहरे एकाच रेखांशाच्या आसपास आणून ठेवतो. आणि चौथी चूक एककांची. विमान क्षेत्रात अंतर नॉटिकल मैलांत मोजतात आणि एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. आपला रस्त्याचा मैल १.६०९ चा. मुंबई–लंडन ३,८९३ नॉटिकल मैल किंवा ४,४८० साधे मैल. एका ठिकाणचा आकडा उचलायचा आणि दुसऱ्या गुणकाने गुणायचे, असे छापील मजकुरातही बरेचदा घडते.

आता हे अंतर विमान तंतोतंत कापत नाही. धावपट्टी ज्या दिशेला असेल तिकडे उडायचे, मग ठरलेल्या वळणांनी हवाई मार्गावर यायचे, उतरताना पुन्हा रांगेत लागायचे. यात चार-पाच टक्के वाट सहज वाढते. हिमालय आणि तिबेटचे पठारही आडवे येते. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लगेच दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यातला ऑक्सिजन साधारण पंधरा-वीस मिनिटेच पुरतो. जिथे खालची जमीनच त्याहून उंच आहे, तिथे हे जमत नाही. म्हणून त्या भागावरून जाण्याला कडक अटी आहेत आणि बहुतेक विमाने वळसा घेतात.

त्याहून मोठा वळसा राजकारणामुळे पडतो. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले आणि ती बंदी पुढे महिन्यामहिन्याने वाढत गेली. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत असेच झाले होते. याचा फटका मुंबईपेक्षा दिल्लीला जास्त बसतो. दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला आधी खाली अरबी समुद्राकडे यावे लागते. मुंबईचे विमान मुळातच किनाऱ्यावरून सुटते. २०२५ च्या बंदीनंतर एअर इंडियाच्या अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधन भरण्यासाठी वाटेत व्हिएन्नाला उतरावे लागले. रशियाचे उलट आहे. २०२२ पासून रशियाचे आकाश युरोपच्या आणि अमेरिकेच्या कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना खुले. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये, त्याच दिवशी, शेपटीवर कोणाचे नाव आहे त्यावरून वाट ठरते. अशा काळात 'दिल्ली–शिकागो इतके तास' असे कंपनीचे नाव न घालता छापणे म्हणजे वाचकाला चुकीची माहिती देणे आहे.

तासांवर सर्वांत मोठा परिणाम वाऱ्याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. हिवाळ्यात तो उत्तर भारतावरही येतो आणि त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. पश्चिमेकडून भारतात येताना तो पाठीशी असतो, पश्चिमेला जाताना समोरून. येताना वेळ कमी लागतो तो पृथ्वी फिरते म्हणून, असे अनेक सुशिक्षित लोकही सांगतात. ते खरे नाही. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच उडते. फरक पडतो तो फक्त वाऱ्याने.

दुसरा गैरसमज असा की जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो. गणित करून पाहा. ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, वारा ताशी १००. वारा नसता तर जाऊन-येऊन १६ तास. समोरून वारा असताना ८०० च्या वेगाने ९ तास, पाठीशी असताना १,००० च्या वेगाने ७ तास १२ मिनिटे. बेरीज १६ तास १२ मिनिटे. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, त्यामुळे बेरीज नेहमी तोट्याचीच येते.

वारा किती देतो याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण ऑक्टोबर २०१६ चे आहे. एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट जवळजवळ १,४०० किलोमीटरने लांबून १५,३०० वर गेली, तरी प्रवास साधारण साडेचौदा तासांत झाला, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. भागाकार केला तर जमिनीच्या हिशेबाने सरासरी वेग ताशी १,०५५ किलोमीटर पडतो. लांबची वाट कमी वेळाची ठरू शकते, हे यातून लक्षात यावे. अटलांटिकवरच्या विमानवाटा तर रोजच्या रोज वाऱ्याचा अंदाज पाहून नव्याने आखल्या जातात.

तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो, हेही सांगायला हवे. चाकाखालची अडण काढून विमान फाटकापासून मागे सरकते तिथपासून पलीकडच्या फाटकाशी चाकाला अडण लागेपर्यंतचा तो वेळ; याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईत दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी रांगेत वीस-पंचवीस मिनिटे जातात. शिवाय दहा हजार फुटांखाली वेग साधारण ताशी ४६० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो, चढताना-उतरताना पूर्ण वेग मिळत नाही.

हे सगळे धरून मुंबई–लंडन पुन्हा मांडू. प्रत्यक्ष वाट ७,५०० किलोमीटर. समोरून सरासरी ताशी ६० चा वारा, म्हणून वेग ८४०: सुमारे ८ तास ५५ मिनिटे. चढण्या-उतरण्याची जादा १५ मिनिटे, जमिनीवर दोन्हीकडे मिळून ३०. झाले ९ तास ४० मिनिटे. येताना वेग ९६०: सुमारे ७ तास ५० मिनिटे अधिक तीच ४५, म्हणजे साडेआठच्या थोडे वर. चौकटीतले 'आठ तास' कोणत्याच बाजूने बसत नाहीत. अंतर कमी असले की चूक प्रमाणाने आणखी वाढते. पुणे–दिल्ली हवाई अंतर १,१५७ किलोमीटर. छोट्या विमानाच्या ताशी ८३० च्या वेगाने १ तास २४ मिनिटे यायला हवीत, पण वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास असतात, आणि ते योग्यच आहे.

घड्याळाचा घोळ तर घराघरांत होतो. तिकिटावर सुटण्याची वेळ इथली असते आणि पोचण्याची तिथली. समजा मुंबईहून रात्री १.३० ला सुटलेले विमान त्याच दिवशी सकाळी ७ ला न्यूयॉर्कला उतरते. घड्याळातला फरक साडेपाच तास. पश्चिमेला जाताना वेळेतला फरक मिळवायचा: हिवाळ्यात साडेदहा तास, म्हणजे प्रवास १६ तासांचा. तेच आकडे उन्हाळ्यात असतील तर फरक साडेनऊ आणि प्रवास १५ तासांचा. पूर्वेला येताना तोच फरक वजा करायचा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. युरोप मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मार्चमध्ये मधले दोन-तीन आठवडे अमेरिका बदललेली असते आणि युरोप नाही. त्या दिवसांत लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे जाणाऱ्यांनी घरच्या अंदाजावर न राहता तिकिटावरच्याच वेळा धराव्यात.

आणि तारीख. १५ तारखेला ००.४० ला सुटणारे विमान म्हणजे १४ तारखेची रात्र. पुण्याहून १४ च्या संध्याकाळी निघायचे. १५ च्या संध्याकाळी बॅगा घेऊन सहारला, मुंबईच्या विमानतळावर, पोचणारी कुटुंबे दर मोसमात असतात आणि तोवर विमान जाऊन जवळजवळ पूर्ण दिवस झालेला असतो. तिकीट देणाऱ्यांनी 'अमुक वाराची रात्र' असे शब्दांत लिहून द्यायला हवे. त्याला एक ओळ लागते.

लोहगावहून थेट लंडन किंवा न्यूयॉर्क का नाही, असे पत्रांतून वारंवार विचारले जाते. प्रवासी कमी आहेत हे कारण नाही. लोहगावची धावपट्टी २,५३५ मीटरची, समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर. मुंबईची मुख्य धावपट्टी ३,४०० मीटरच्या वर आणि समुद्राच्या काठी. उंचीवर हवा विरळ असते, एप्रिल-मेच्या दुपारी आणखी विरळ होते. पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि धाव लांबते. बोइंग ७८७-९ च्या टाक्यांत साधारण १,२६,००० लिटर इंधन मावते, म्हणजे शंभर टनांच्या आसपास, आणि उड्डाणाचे कमाल वजन २५४ टन. वाटेच्या इंधनावर अनपेक्षित खर्चासाठी साधारण पाच टक्के, पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि शेवटी ३० मिनिटे घिरट्या घालण्याइतके इंधन बरोबर ठेवावेच लागते. एवढ्या वजनाने आपल्या धावपट्टीवरून उठायचे तर प्रवासी आणि सामान खाली ठेवावे लागेल. म्हणून इथून थेट विमाने दुबई, बँकॉकसारख्या टप्प्यापर्यंत जातात.

मग थांबा घेऊन जाण्याने वाट किती वाढते? वाटते त्यापेक्षा बरीच कमी. पुणे–लंडन थेट ७,३३० किलोमीटर, दुबईमार्गे ७,५४५, दिल्लीमार्गे ७,८९०. दिल्लीचा फेरा ५६० किलोमीटरचा, हवेतली चाळीस मिनिटे. वेळ खातो तो थांबा. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे सामान शेवटपर्यंत जाते आणि पहिले विमान उशिरा आले तर पुढची सोय कंपनीवर असते. वेगवेगळी तिकिटे काढली तर सामान उचलून पुन्हा द्यावे लागते, आणि पुण्याचे विमान दिल्लीत टी-१ (टर्मिनल १) ला उतरून पुढचे टी-३ वरून असेल तर मध्ये बसचा प्रवास येतो. तिथे चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये. परतताना भारतातल्या पहिल्या विमानतळावर सीमाशुल्कासाठी सामान बहुधा ताब्यात घ्यावे लागते, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.

मुंबईहून जायचे तर उलटे मोजा. विमान १.३० चे, काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधी बंद होतो, पोचायचे १०.३० ला. कोथरूडहून सहारचे टी-२ साधारण दीडशे किलोमीटर, आणि शुक्रवारी संध्याकाळी खंडाळा घाटाचा भरवसा नाही. पाच तास हाताशी धरून साडेपाचला घर सोडा. मुंबई–लंडनचे 'आठ तास' तेव्हा घरापासून पलीकडच्या दारापर्यंत वीस तासांच्या घरात जातात. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमाने सुटू लागली आहेत. ते पनवेलजवळ, पुण्याला जवळचे. तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे गाडी ठरवण्याआधी पाहावे. चुकीच्या विमानतळावर पोचून दुसरीकडे वेळेत जाणे संध्याकाळच्या वाहतुकीत जमणार नाही.

ज्यांना खात्री करायची आहे त्यांनी फ्लाइटरडार२४ सारख्या, विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या विमानाच्या क्रमांकावर गेल्या आठवड्यातल्या प्रत्यक्ष वेळा पाहाव्यात. तिथला उड्डाणाचा वेळ धावपट्टी सोडल्यापासून उतरण्यापर्यंतचा असतो, म्हणून तिकिटापेक्षा अर्धा तास कमी दिसला तर त्यात चूक नाही.

आपल्याला विनंती एवढीच की पुरवणीतली चौकट बदलावी. शहराऐवजी विमानतळाचे नाव द्यावे, किलोमीटरच्या पुढे 'सर्वांत जवळची वाट' असे लिहावे, जाण्याचे आणि येण्याचे तास वेगळे द्यावेत, ते वेळापत्रकातून घ्यावेत आणि कोणत्या महिन्याचे व कोणत्या कंपनीचे आहेत तेही लिहावे. शेवटी पुण्याहून घर कधी सोडायचे, त्याचा एक रकाना असावा. जागा दोन ओळींनी वाढेल. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होते, तेव्हा वर्षातून दोनदा ही चौकट तपासून छापली तरी पुरे.

आपला,
उड्डाण-नियोजनाच्या कामातून निवृत्त झालेला एक वाचक,
विश्रांतवाडी, पुणे